वाचनालयात आपली आवड कशी आणायची? नवीन ग्रंथपालांसाठी, आमच्या आकाशदर्शनाच्या अनुभवावरून

मी तालुक्याच्या गावातल्या एका 'ब' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे, अकरा वर्षं झाली आता. दरवर्षी आजूबाजूच्या गावांत दोन-तीन नवीन मुलंमुली ग्रंथपाल म्हणून लागतात, ग्रंथालयाचा सर्टिफिकेट कोर्स नुकताच झालेला असतो, आणि सहा महिन्यांत त्यांचा फोन येतोच. ताई, दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद करायची वही) जमतेय, देवघेव जमतेय, वर्गणीच्या पावत्यापण जमतात, पण लोक पेपर वाचून निघून जातात, पुस्तकाला कोणी हात लावत नाही, कार्यक्रम तरी काय घेऊ? मी उलट विचारते, तुला स्वतःला काय आवडतं? तिकडे एकदम शांतता. नोकरीला लागताना हे कोणी विचारलेलंच नसतं ना.

म्हणून हे एकदा नीट लिहून काढतेय. माझी आवड आकाशाची आहे, तारे बघायची, म्हणून उदाहरणं सगळी त्यातलीच येतील. तुमची आवड दुसरी असेल तर ती त्या जागी ठेवून वाचा, पायऱ्या साधारण त्याच लागतात.

एक आधीच सांगते, ठरलेले कार्यक्रम सोडायचे नाहीत. 12 ऑगस्टचा ग्रंथपाल दिन, 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, हे करायचेच, तपासणीला साहेब येतात तेव्हा त्याच्या नोंदी आणि फोटो बघतात. पण फोटोला हार, दोन भाषणं आणि चहा एवढ्यावर नवीन वाचक येत नाही, हे मी अकरा वर्षं डोळ्यांनी बघतेय. आणि ज्यांच्या नावानं आपण 12 ऑगस्ट साजरा करतो ते रंगनाथन तरी कोण होते, गणिताचे प्राध्यापक! 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि गणित काही डोक्यातून काढून टाकलं नाही त्यांनी, पुस्तकांची वर्गवारी कशी करायची याचा विचार त्याच डोक्यानं केला. 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे जे पाच नियम मांडले ते कोर्सला आपण सगळ्यांनी पाठ केलेत. त्यातला तिसरा मी टेबलासमोर लावून ठेवलाय, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आपली आवड वाचनालयात आणायची ती ह्याच्यासाठी, कपाटात झोपलेल्या पुस्तकाला वाचक मिळवून द्यायला.

पहिलं काम: कपाट बघा

कार्यक्रम ठरवायच्या आधी एक दिवस दाखल नोंदवही घेऊन बसा आणि तुमच्या विषयाची आपल्याकडे काय काय पुस्तकं आहेत ती एका कागदावर उतरवा. ड्युईप्रमाणे, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायच्या पद्धतीप्रमाणे, खगोलशास्त्र 520 ला येतं, पण तिथेच थांबू नका, कारण खरा माल दुसरीकडे पडलेला असतो. मला 520 ला सात पुस्तकं सापडली, बालविभागात पाच, कथेच्या कपाटात जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, लोकसाहित्यात म्हणी आणि उखाण्यांची पुस्तकं, आणि संदर्भाच्या कपाटात वर मागच्या वीस वर्षांची पंचांगं. सगळं मिळून एकतीस. मागची तारखेची चिठ्ठी बघितली तर त्यातली बावीस पुस्तकं चार वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. तो आकडा लिहून ठेवा. कार्यकारिणीपुढे जाताना तोच उपयोगी पडतो, आणि वर्षभरानं काम झालं की नाही तेही त्याच्यावरूनच कळतं.

पुस्तकंच नसतील त्या विषयाची तर? मग आधी एक वर्ष खरेदीच्या यादीत तीन-चार टाका. पुस्तकाशिवाय कार्यक्रम घेतला तर तो चांगला होईलही, पण मग तो वाचनालयात कशाला, शाळेत किंवा देवळातपण झाला असता.

दुसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: लोकांना आधीच काय माहीत आहे ते शोधा

इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझी पहिली दोन वर्षं ह्याच्यामुळेच वाया गेली. मला वाटायचं मला आकाश कळतं, लोकांना कळत नाही, मी शिकवणार. मग पाटीवर ग्रहांच्या कक्षा काढायच्या, प्रकाशवर्ष म्हणजे काय ते सांगायचं. मुलं जांभया द्यायची, मोठी माणसं यायचीच नाहीत.

एकदा रोज पेपर वाचायला येणारे एक आजोबा, त्यांनी भिंतीवरचा माझा नकाशा बघितला आणि मृगाच्या मधल्या तीन ताऱ्यांवर बोट ठेवून म्हणाले, हे तिकांडं हाय. आम्ही मोटेवर असताना तिकांडं कुठं आलं बघून किती रात्र झाली सांगायचो. मग सप्तर्षीकडे बोट करून, हे म्हातारीचं बाजलं, आणि हे मागचे तिघं चोर, बाज चोरायला आलेत. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. तासभर बोलले ते. घड्याळ नव्हतं तेव्हा पाण्याची पाळी कधी बदलायची ते आकाशावरून ठरायचं, नांगरट कधी, पेरा कधी सगळं नक्षत्रावर.

तिथून माझा सगळा कार्यक्रम बदलला. आपल्या गावात प्रत्येक घरात नक्षत्रांची नावं रोज तोंडात असतात हो, फक्त ती पावसाची नावं म्हणून. मृगाचा पाऊस, आर्द्रा, हस्ताला हत्ती म्हणतात, आणि पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती ही म्हण तर शेंबड्या पोरालापण येते. पण मृग हे आकाशातले तारे आहेत आणि ते बोटानं दाखवता येतात हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. आणि मग तो प्रश्न टाकायचा: मृग लागतो 7-8 जूनला, मग जूनच्या रात्री मृग आकाशात का दिसत नाही? ढग नसले तरी दिसत नाही! सगळे विचारात पडतात. उत्तर सोपं आहे. मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला, म्हणजे ते तारे त्या दिवसांत सूर्याबरोबरच उगवतात, सूर्याबरोबरच मावळतात, दिवसा आपल्या डोक्यावर असतात पण उजेडात दिसत नाहीत. सहा महिन्यांनी, डिसेंबर-जानेवारीत, ते संध्याकाळी पूर्वेला वर येतात. हे एका शेतकऱ्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, म्हणजे आम्ही आयुष्यभर न दिसणाऱ्या नक्षत्रावर पेरतोय. दुसऱ्या दिवशी तो पंचांग मागायला आला, त्यात सूर्यनक्षत्राच्या तारखा कुठे असतात ते बघायला. त्याच्या नावावर त्याआधी एकही पुस्तक नव्हतं.

तर तुमच्या विषयातसुद्धा हे तिकांडं शोधा. ते मिळाल्याशिवाय तारीख ठरवू नका. गोधडीची आवड असेल तर गावात वाकळ शिवणाऱ्या बायका आहेत, त्यांचे टाके कुठले, जुनं लुगडं वर घेतात की खाली. रानभाज्यांची आवड असेल तर बाजाराच्या दिवशी टाकळा, कुर्डू घेऊन बसणाऱ्या मावशी आहेत. त्यांना आधी भेटा, वही घेऊन बसा, आणि लिहिलेलं वाचनालयात जपून ठेवा, तोपण ग्रंथसंग्रहच आहे.

परवानगी

हे लांबवत नाही. अध्यक्ष आणि सचिवांना आधी वेगवेगळं भेटा, मग मासिक सभेत विषय ठेवा आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. पहिल्या वेळी पैसे मागू नका, फक्त वेळ आणि जागा मागा. मी तो बावीस पुस्तकांचा कागद वाचून दाखवला आणि म्हणाले ही पुस्तकं आपण विकत घेतलीत, ती वाचली जावीत म्हणून एक संध्याकाळ द्या. कोणी नाही म्हणालं नाही.

आणि स्वतःच्या खिशातून खर्च करू नका. आपल्या हातात मानधन किती येतं ते आपल्याला माहीत आहे. आवड आहे म्हणून दुर्बीण स्वतः आणायची, चहा स्वतः द्यायचा, बॅनर स्वतः छापायचा, असं करत एक मैत्रीण दीड वर्षात इतकी थकली की नोकरीच सोडली तिनं, आणि ती माझ्यापेक्षा चांगली ग्रंथपाल होती, मला अजून वाईट वाटतं. चारशे रुपये लागले तर चारशेचं व्हाउचर करा. रात्री दोन तास थांबलात तर दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याचं आधीच ठरवून घ्या, तेपण लिहून.

तारीख

माझा पहिला मोठा कार्यक्रम मी कोजागिरीला ठेवला. लोक तसेही जागे असतात, गच्चीवर दूध आटवतात, म्हटलं बरं झालं. साठ-सत्तर माणसं आली आणि पौर्णिमेच्या उजेडात चार-पाच मोठे तारे सोडले तर काही दिसेना. चंद्रसुद्धा पौर्णिमेला दुर्बिणीतून सपाट थाळीसारखा दिसतो, कारण ऊन सरळ पडतं आणि खड्ड्यांच्या सावल्याच पडत नाहीत. लोक दूध पिऊन घरी गेले, आणि चूक माझी होती.

तेव्हापासून भिंतीवरचं कालनिर्णय घेऊन बसते. तारे दाखवायचे असतील तर अमावस्येच्या आसपासचे दिवस, पण अमावस्येच्या रात्रीच ठेवू नका, बरीच घरं त्या दिवशी मुलांना बाहेर सोडत नाहीत, त्यांच्याशी वाद घालण्यात संध्याकाळ घालवायची कशाला, दोन-तीन दिवस आधी किंवा नंतर ठेवा. चंद्राचे खड्डे दाखवायचे तर शुद्ध पंचमी ते अष्टमी, तेव्हा उजेड-अंधाराच्या रेषेवर सावल्या लांब पडतात आणि साध्या दुर्बिणीतूनपण खड्डे उठून दिसतात. महिने दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत. दहावी-बारावीच्या परीक्षा, गावची यात्रा, ऊसतोडीचा हंगाम, लग्नाच्या मोठ्या तिथी, क्रिकेटची फायनल, हे सगळं बघूनच.

फेब्रुवारीअखेर एक चांगली जोडी जमते. 27 ला मराठी भाषा गौरव दिन आणि 28 ला राष्ट्रीय विज्ञान दिन, रामन परिणामाच्या 1928 च्या शोधासाठीचा. आम्ही 27 ला संध्याकाळी वाचनालयाच्या अंगणात नारळीकर सरांची एक विज्ञानकथा मोठ्यानं वाचतो आणि मग तिथूनच वर बघायला सुरुवात करतो, तेव्हा मृग चांगला उंच असतो. चंद्र मोठा असेल त्या वर्षी ताऱ्यांऐवजी चंद्रच दाखवतो. एका कार्यक्रमात दोन्ही दिवस होतात आणि फाइलला दोन नोंदीपण. सर 20 मे 2025 ला गेले, त्या आठवड्यात आम्ही त्यांच्या सगळ्या पुस्तकांचं टेबल लावलं होतं, तीन दिवसांत टेबल रिकामं झालं.

प्रत्यक्ष रात्री काय करायचं

जागा म्हणजे शाळेचं मैदान नाहीतर वाचनालयाची गच्ची. गच्चीला कठडा नीट असेल तरच, मुलं मान वर करून मागे मागे सरकतात. मैदान असेल तर दुपारीच जाऊन बघून या, गवत कापून घ्या, सगळ्यांना बूट घालून यायला सांगा, साप-विंचवाचा विचार आपणच करायचा असतो. जवळच्या खांबावरचा दिवा तासभर बंद ठेवायला ग्रामपंचायतीला किंवा नगरपंचायतीला दोन दिवस आधी अर्ज द्या आणि वायरमनला स्वतः फोन करा. नुसत्या अर्जानं दिवा बंद होत नाही.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि कोणी एकानं मोबाइल उघडला की सगळ्यांचे डोळे परत पहिल्यापासून. म्हणून सुरुवातीची वीस मिनिटं गोष्टीला ठेवा, आमच्याकडे आजोबा बाजल्याची गोष्ट सांगायचे. टॉर्चला पतंगाचा लाल कागद दोन घड्या घालून रबरबँडनं लावला की पुरतं, लाल उजेडानं डोळे फारसे दिपत नाहीत. हिरवा लेझर असतो काही जणांकडे, तो मुलांच्या हातात अजिबात द्यायचा नाही, डोळ्यात गेला तर कायमची इजा होते, आणि विमानाकडे तर कधीच धरायचा नाही.

साहित्य काही नसलं तरी चालतं. पहिले तीन कार्यक्रम आम्ही नुसत्या डोळ्यांनी केले. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण शोधा, ती रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, रात्रीच्या ताऱ्यांमधला सगळ्यात तेजस्वी, आणि दुसऱ्या बाजूला वाढवली की लालसर रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिका मोजायला लावा. बहुतेकांना सहा दिसतात, एखाद्याला सात-आठ, मुलं त्याच्यावर अर्धा तास भांडतात आणि ते भांडण मला फार आवडतं. चौथ्या वर्षी संस्थेनं 10×50 ची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, दोन्ही डोळ्यांना लावायची दुर्बीण घेतली, तिच्यातून गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात, फक्त कोपर भिंतीला टेकवून धरायची, नाहीतर सगळं हलतं. शनीची कडी बघायला मात्र टेलिस्कोपच लागतो. त्यासाठी जवळपास कोणी हौशी मंडळ आहे का बघा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून काम करतेय, मुंबईत खगोल मंडळ आहे, आणि बऱ्याच जिल्ह्यांत कॉलेजच्या फिजिक्स विभागाकडे एखादा टेलिस्कोप धूळ खात असतो. पत्र लिहा, वाचनालयाच्या लेटरहेडवर.

कार्यक्रम नऊला संपवायचा म्हणजे नऊलाच. बायका आणि मुली पुढच्या वेळी येणार की नाही ते ह्याच्यावर ठरतं. आम्ही गल्लीप्रमाणे गट करून सोडतो, कोणी एकटं जात नाही.

आणि आता जे नवीन लोक हमखास विसरतात ते: देवघेव नोंदवही मैदानात न्या. पुस्तकं, नोंदवही, शिक्का, सभासद अर्ज, पावतीपुस्तक, सगळं एका घडीच्या टेबलावर. कार्यक्रम संपल्या संपल्या, डोळ्यांत तारे असतानाच, माणूस पुस्तक घेतो. उद्या वाचनालयात या म्हणालात तर उद्या तो येत नाही. सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानात शंभर वर्षांपूर्वी लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव पाठवत होते, माणूस जिथे आहे तिथे पुस्तक न्यायचं, आपण निदान शाळेच्या मैदानापर्यंत तरी नेऊ. ज्या वर्षी मी टेबल पहिल्यांदा नेलं त्या रात्री चौदा पुस्तकं गेली आणि सहा नवीन सभासद झाले.

दिवसाचा कार्यक्रमपण ठेवा

रात्री ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी शून्य सावली दिवस फार छान आहे, खर्च शून्य. आपला सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातून दोन दिवस भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते. दुसरा दिवस पावसाळ्यात येतो, तेव्हा ढग असतात, म्हणून मे धरायचा. कोल्हापूरला साधारण 6-7 मे, पुण्याला 13-14, मुंबईला 15-16, नाशिकला 20 च्या आसपास, नागपूरला 26 च्या आसपास. जितकं उत्तरेला तितकं उशिरा, तुमच्या गावाचा अक्षांश बघून कळतं. वेळ बारा नाही बरं का, पश्चिम महाराष्ट्रात साडेबाराच्या सुमारास, कारण आपलं घड्याळ खूप पूर्वेच्या रेखांशावर लावलेलं आहे. बारा वाजल्यापासून अंगणात पेला उपडा ठेवा, खडूनं दर पाच मिनिटांनी सावली आखत राहा. सुट्टीतली मुलं असतात, टोपी आणि पाणी हवं, आणि सूर्याकडे कोणी बघायचं नाही हे तीन-तीनदा सांगायचं.

भविष्य विचारतातच

माझी रास अमुक, साडेसाती कधी संपेल. चिडू नका आणि हसू तर नकाच, माणूस अडचणीत असतो म्हणून विचारतो. मी सांगते की भविष्य मला येत नाही, पण तुमची रास आकाशात कुठे आहे ते दाखवते, या. आणि खरंच नेऊन दाखवते. स्वतःची रास स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली माणसं परत येतात.

कोणीच आलं नाही तर

होतं असं. एकदा चार जण आले, त्यातले दोन माझ्या घरचे. कार्यक्रम पूर्ण केला, उपस्थिती वहीत चार लिहिले. आकडा फुगवू नका, पुढच्या वर्षी तुम्हालाच कळणार नाही काय चाललं आणि काय नाही. दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी लिहून ठेवा, कोण आलं नाही आणि का. आमच्याकडे त्या दिवशी शेजारच्या वाडीत बारसं होतं, एवढंच कारण निघालं.

तिसऱ्या वर्षानंतर

तोपर्यंत कार्यक्रम तुमच्या नावानं ओळखला जायला लागतो, आणि तिथेच सावध व्हायचं. तुम्ही आजारी पडलात, नोकरी बदललीत तर तो बंद पडेल. मी आता मृग दाखवत नाही, नववीतल्या दोन मुली दाखवतात, माझ्यापेक्षा चांगलं, मी पुस्तकांच्या टेबलावर बसते. आणि मग इतरांच्या आवडींना जागा द्यायची. आमच्या शिपाईभाऊंना बुद्धिबळ येतं हे मला सात वर्षं माहीत नव्हतं. नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा ते पेपर हातात घेऊन माझ्याकडे आले, डोळे भरून आले होते त्यांचे. आता दर रविवारी वाचनकक्षात चार पट मांडलेले असतात. बुद्धिबळाची पुस्तकं आपल्याकडे दोनच निघाली, यंदाच्या खरेदीत पाच लिहिलीत, आणि त्यांची यादी शिपाईभाऊंनीच केलीय.